नऊ रुपयांची गोळी खोटी आणि एकतीसची खरी, असं असतं का?

भांडुपच्या एका ताईंचं पत्र आलंय, लांबलचक आहे, थोडक्यात सांगते. घरात चार माणसं. फ्रीजवर जुना बिस्किटाचा डबा, त्यात सगळ्यांची औषधं. दिवाळीच्या साफसफाईत तो डबा रिकामा केला तर दुखण्याच्याच पाच प्रकारच्या गोळ्या निघाल्या, वर एक स्प्रे. ताईंनी प्रत्येकीची किंमत वहीत उतरवून पाठवलीय (असं पत्र आलं की मला फार बरं वाटतं, नाहीतर लोक "ती पांढरी गोळी" असं लिहितात). एक १० गोळ्यांची स्ट्रिप साडेनऊ रुपये. एक १५ गोळ्यांची ३१ रुपये. अजून एक १५ चीच, पण ६२ रुपये. सासूबाईंची गुडघ्याची २० गोळ्यांची ४८ ला. आणि एक मिस्टरांची सर्दीची. ताई विचारतात की यातल्या तिनांवर पॅरासिटामॉलच लिहिलंय मग भावात एवढा फरक का, स्वस्तातली डुप्लिकेट असते का, कारण भाचा म्हणतो जनऔषधीच्या, म्हणजे सरकारी योजनेच्या स्वस्त औषध दुकानातल्या, गोळ्यांनी काही होत नाही. आणि शेवटी, मेडिकलवाल्याने ३१ वाल्या स्ट्रिपमधल्या चार गोळ्या कापून दिल्या, १० रुपये घेतले, सुटे मागितले तर चॉकलेट दिलं, हे बरोबर आहे का.

ताई, मी २२ वर्षं गिरगावात मेडिकलच्या काउंटरमागे काढलीत, त्यामुळे या सगळ्याची उत्तरं माझ्याकडे आहेत, चॉकलेटसकट.

आधी एक काम करा. ती स्ट्रिप उलटी करा. पुढच्या बाजूचं मोठं नाव, रंग, वीज चमकल्याचं चित्र, ते सगळं विसरा. मागच्या चंदेरी बाजूला बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, उजेडात धरून जरा तिरकी केल्याशिवाय दिसत नाही, मोबाईलने फोटो काढून झूम करा सरळ. तिथे औषधाचं खरं नाव आणि किती मिलीग्रॅम ते असतं. केमिस्ट लोक त्याला सॉल्ट म्हणतात. "सॉल्ट काय आहे" एवढं विचारलंत ना, की समोरचा माणूस तुमच्याशी वेगळं बोलायला लागतो. क्रोसिन, कॅल्पॉल, डोलो ही दुकानातली नावं झाली, मागे सगळीकडे पॅरासिटामॉलच. आणि हे औषध काही नवीन नाही, पहिल्यांदा बनवलं १८७८ मध्ये, त्याचं पेटंट कधीच संपलंय, आज कोणतीही लायसन्सवाली कंपनी ते बनवू शकते. म्हणूनच ते इतकं स्वस्त आहे.

आता तुमच्या वहीतला हिशोब करू. साडेनऊवाली ५०० मिलीग्रॅमची, एक गोळी ९५ पैशांना. ३१ वाली ६५० ची, एक गोळी २ रुपये ७ पैसे. म्हणजे औषध ३० टक्के जास्त आणि पैसे दुपटीहून जास्त. तुम्हाला वाटेल ६५० ची बनवायला काहीतरी वेगळं लागत असेल. काही लागत नाही हो. गंमत सरकारी हिशोबात आहे.

पॅरासिटामॉल ५०० आणि ६५० दोन्ही अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहेत, त्यामुळे त्यांची जास्तीत जास्त किंमत एनपीपीए ठरवते, म्हणजे राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरण, १९९७ पासून आहे हे ऑफिस. पूर्वी ही किंमत बनवायच्या खर्चावरून ठरायची, कच्चा माल किती, पॅकिंग किती, त्यावर थोडा नफा. २०१३ च्या औषध किंमत नियंत्रण ऑर्डरपासून पद्धत बदलली. आता त्याच औषधाच्या बाजारात ज्या ज्या ब्रँडचा वाटा एक टक्का किंवा जास्त आहे त्यांचे दुकानदाराला पडणारे भाव घ्यायचे, सरासरी काढायची, त्यावर दुकानदाराचे १६ टक्के, झाली सीलिंग प्राइस, वर जीएसटी वेगळा. आणि हे ५०० साठी वेगळं, ६५० साठी वेगळं. आता ६५० च्या बाजारात नावाजलेले महागडे ब्रँडच जास्त खपत असतील तर सरासरीच वर जाणार ना, आणि ५०० ची गोळी वर्षानुवर्षं स्वस्तात विकली गेली म्हणून तिची सरासरी खाली. म्हणजे छापलेली किंमत ही गोळी बनवायला काय लागलं ते सांगतच नाही, बाजारात लोक आधीपासून काय देत होते तेवढंच सांगते. मला स्वतःला ही पद्धत पटत नाही, पण निदान वर झाकण तरी आहे.

तुमच्या ३१ रुपयांचं काय होतं तेही सांगते. २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक औषधांवरचा जीएसटी १२ चा ५ टक्के झाला, तर त्यात दीड रुपया गेला. दुकानदाराचे साधारण चार. त्याला माल पोचवणाऱ्या स्टॉकिस्टचे दोन. उरलेले तेवीस-साडेतेवीस कंपनीकडे, त्यात गोळी, फॉइल, टीव्हीवरची जाहिरात, डॉक्टरकडे बॅग घेऊन बसणारा एमआर म्हणजे कंपनीचा माणूस, सगळं आलं. मेडिकलवाला लुटतो असं जे सगळे म्हणतात ना, तो या अख्ख्या स्ट्रिपवर चार रुपये कमावतो, त्यातूनच लाइट बिल आणि पोऱ्याचा पगार.

मग ६२ वाली काय आहे? ती मागून बघा, पॅरासिटामॉल ६५० आणि सोबत कॅफिन ५०. एवढंच. एक फुल कप चहात साधारण तेवढं कॅफिन असतं. आता कॅफिनने डोकेदुखीत थोडी मदत होते हे खरंय, अगदी थापा नाहीत त्या, पण एका गोळीमागे तुम्ही दोन रुपये जास्त देताय ते चहासाठी. आणि किंमत दुप्पट का, तर हे मिश्रण त्या सरकारी यादीत नाही. यादीत साधी साधी औषधं आहेत, पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, मेफेनॅमिक अ‍ॅसिड. त्यात कंपनीने दुसरं काही मिसळलं की बऱ्याचदा ते यादीच्या बाहेर जातं, आणि बाहेरच्या औषधाची पहिली किंमत बऱ्याचदा कंपनीच ठरवते, पुढे वर्षाला १० टक्क्यांपर्यंत वाढवायलाही मोकळी. म्हणून तर दुकानात बघा, साध्या गोळीची जाहिरात फारशी नसते, जाहिरात असते अ‍ॅडव्हान्सची, प्लसची, रॅपिडची. पाण्यात टाकली की फसफसते ती पण त्यातलीच, थोडी लवकर लागू पडते, पण पैसे जातात त्या फेसाचे आणि त्यात सोडियम भरपूर असतं, त्यामुळे बीपीवाल्यांनी रोजच्यासाठी ती घेऊच नये.

स्वस्त म्हणजे डुप्लिकेट का, यावर जरा जास्त लिहिते कारण भाच्यासारखे खूप जण आहेत. स्ट्रिपवर औषधाच्या नावापुढे आय.पी. असं लिहिलेलं असतं, म्हणजे इंडियन फार्माकोपियाच्या कसोट्या, गोळीत औषध किती हवं, ती किती वेळात विरघळायला हवी, हे सगळं त्यात. साडेनऊची असो की ३१ ची, कसोटी एकच. केंद्राचं औषध नियंत्रण खातं दर महिन्याला तपासणीत नापास झालेल्या बॅचची यादी काढतं, ती कधी चाळा, त्यात अनोळखी नावंही असतात आणि मोठी नावंही. म्हणजे किंमत जास्त म्हणून माल चांगला असं काही नाही, आणि स्वस्त आहे म्हणून खडू असंही नाही. विश्वास कशावर ठेवायचा तर दुकानाला लायसन्स आहे का, बिल मिळतंय का, बॅच नंबर आणि एक्स्पायरी दिसतेय का, फॉइल फुगलेलं किंवा गोळी पिवळट पडलेली नाही ना.

आमच्याकडे एक आजोबा यायचे, पेन्शनर, चाळीतले, त्यांना "लाल अक्षरांचीच" पाहिजे असायची. एकदा ती संपली होती, मी त्याच सॉल्टची दुसरी दिली, दुसऱ्या दिवशी परत घेऊन आले, म्हणाले हिने डोकं उतरत नाही. मी कात्रीने दोन्ही स्ट्रिपमधली एकेक गोळी काढून कागदावर ठेवली आणि विचारलं कुठली लाल अक्षरांची. बघत बसले बराच वेळ. मग म्हणाले, तुम्ही काहीही म्हणा, मला लालच द्या. दिली. ज्याला ज्या गोळीने बरं वाटतं त्याला दोन रुपयांसाठी कशाला छळायचं, पण तुम्ही भाच्याला हा प्रयोग करून दाखवा जरूर.

फक्त "जेनेरिक", म्हणजे मोठ्या ब्रँडशिवाय नुसत्या सॉल्टच्या नावाने विकलं जाणारं औषध, या शब्दावर डोळे झाकून जाऊ नका. यात दोन वेगळी दुकानं आहेत. जनऔषधी केंद्रात किंमतच कमी छापलेली असते, जेवढी छापली तेवढी द्यायची, त्यांचं जनऔषधी सुगम नावाचं अ‍ॅप आहे, त्यात औषधाचं नाव टाकलं की भाव आणि जवळचं केंद्र दोन्ही दिसतं. दुसरीकडे काही दुकानांवर "जेनेरिक औषधं ७० टक्के डिस्काउंट" असा बोर्ड असतो, तिथे एमआरपी तगडी छापलेली असते आणि मग त्यावर सूट, म्हणजे साड्यांच्या सेलसारखं. आतून माल दुकानदाराला खूप स्वस्तात पडलेला असतो. आणि नेहमीच्या दुकानातही स्कीमचा माल असतो, दहावर एक फ्री, कधी त्याहून जास्त, मग काउंटरवरचा माणूस तुम्ही नुसतं "डोकेदुखीची द्या" म्हणालात की हात तिकडेच नेतो. मी पण नेलाय, खोटं कशाला बोलू. आठवड्यातून एकदा मालासाठी प्रिन्सेस स्ट्रीटला जायचो आम्ही, तिथल्या दवा बाजारात हातगाड्यांच्या मधून वाट काढत, खोक्यावर खोकी, आणि स्टॉकिस्टकडे पहिला प्रश्न हाच, आज स्कीम कशावर आहे. म्हणून सांगते, दुकानात "पॅरासिटामॉल ५०० द्या, जी स्वस्त असेल ती" असं नाव घेऊन मागा, मग हात दुसरीकडे जात नाही.

पण ताई, खरं सांगू का, मी तुमच्या जागी असते तर साध्या पॅरासिटामॉलवर डोकंच लावलं नसतं. साडेनऊ काय आणि ३१ काय, महिन्याला एक-दोन स्ट्रिप, जनऔषधीला जायला रिक्षा केलीत तर सगळी बचत मीटरवर गेली. अ‍ॅपवरून मागवलीत तर औषधावर १५ टक्के सूट आणि डिलिव्हरी, हँडलिंग मिळून त्याच्या कितीतरी पट. दुसऱ्या कामाने जाताना वाटेत केंद्र लागलं तर घ्या. मला तुमच्या पत्रातल्या दुसऱ्याच दोन वाक्यांनी टेन्शन दिलंय, जी तुम्ही किमतीच्या नादात सहज लिहून टाकलीत.

एक, ती ६२ ची तुम्ही स्वतः "डोकं दुखतं म्हणून दिवसाआड" घेता, गेले चार-पाच महिने. दिवसाआड म्हणजे महिन्याला १५. आता ऐका, मिश्रणाची डोकेदुखीची गोळी महिन्यात १० किंवा जास्त दिवस, किंवा साधी पॅरासिटामॉल १५ किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांच्या वर चाललं की त्या गोळीमुळेच डोकं दुखायला लागू शकतं. म्हणजे गोळीचा असर उतरला की डोकं दुखतं, तुम्हाला वाटतं जुनं दुखणं परत आलं, तुम्ही अजून एक घेता, चक्र सुरू. कॅफिनमुळे तर अजूनच, सकाळचा चहा चुकला की डोकं धरतं ना, तसलंच. काउंटरवर असे किती तरी चेहरे मला पाठ होते, दर आठवड्याला तीच स्ट्रिप, आणि आम्ही विकायचो. तुम्ही एक वही घाला, गोळी घेतली ती तारीख लिहा, आणि ती वही घेऊन डॉक्टरकडे जा. खाजगीत पैसे घालवायचे नसतील तर बीएमसीचा आपला दवाखाना आहे, तपासणी आणि औषध फुकट, मुंबईत बऱ्याच वस्त्यांत आहे. अचानक खूप जोरात डोकं दुखलं, उलटी, नजर अंधुक, हातपाय जड, असं काही असेल तर वही-बिही ठेवा बाजूला आणि सरळ हॉस्पिटल गाठा.

दोन, सासूबाई. त्यांच्या ४८ वाल्या स्ट्रिपवर आयबुप्रोफेन ४०० आणि पॅरासिटामॉल ३२५ असं लिहिलंय, आणि तुम्ही लिहिता की त्यांना बीपीची गोळी चालू आहे आणि या "दिवसाला दोन तरी होतात". आयबुप्रोफेन रोज घेतलं तर बीपी वाढू शकतं, बीपीच्या काही गोळ्यांचा असर कमी होतो, पोटात अल्सर, आणि वय झाल्यावर किडनीवर ताण. दुकानात न विचारता मिळते म्हणून ती साधी गोळी नाही. दोन रुपये चाळीस पैशांची गोळी आहे आणि महिन्याला दीडशे रुपये होत नाहीत, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही, पण पुढे किडनीसाठी क्रिएटिनिनची तपासणी, सोनोग्राफी आणि स्पेशालिस्टची फी मोजायची वेळ आली की मग हे दीडशे आठवतात. त्यांना पुढच्या बीपी चेकअपला घेऊन जाल तेव्हा ही स्ट्रिप पर्समध्ये टाका आणि डॉक्टरांना दाखवा, त्या स्वतःहून सांगणार नाहीत, सासवा सांगत नाहीत. गुडघ्याला डायक्लोफेनॅकचं जेल चालेल का तेही विचारा, लावायच्या औषधातलं रक्तात फार कमी जातं. स्प्रेचं म्हणाल तर त्यात मुख्य औषध बहुतेक तेच असतं, पैसे कॅनचे आणि गार लागण्याचे. ट्यूब घ्या, पुरते पण जास्त.

मिस्टरांचं एवढंच, सर्दीची गोळी घेतली त्या दिवशी ६५० वेगळी घेऊ नका, आधी दोन्हींची मागची बाजू बघा. बहुतेक सर्दीच्या गोळ्यांत पॅरासिटामॉल असतंच, आणि सगळं मिळून मोठ्या माणसाला दिवसाला ४ ग्रॅमच्या वर जाता कामा नये, रोज दारू घेणाऱ्याला आणि लिव्हरचा त्रास असणाऱ्याला तर त्याहूनही कमी. लोकलमधून लोंबकळत सीएसएमटीपर्यंत जाऊन आल्यावर अंग दुखणारच, त्याला एक गोळी ठीक आहे.

डब्याचं काय करायचं ते आलंच लक्षात. कापलेल्या स्ट्रिपचे जे तुकडे आहेत, ज्यांच्यावर नाव नाही, एक्स्पायरी नाही, ते टाकून द्या, जीव अडकवू नका. आणि पुढच्या वेळी सुट्ट्या गोळ्या घेताना तारीख असलेला तुकडा तुमच्याकडे राहील असं कापायला सांगा, तो कुरकुर करेल, करू दे. भाव जास्त वाटला तर एनपीपीएचं फार्मा सही दाम अ‍ॅप आहे, त्यात ब्रँडचं नाव टाकून सरकारी किंमत बघता येते, आणि स्ट्रिपवर छापलेल्या एमआरपीच्या वर एक पैसा देऊ नका.

राहिलं चॉकलेट. ३१ भागिले १५ गुणिले ४, होतात ८ रुपये २७ पैसे. म्हणजे १० घेतले हे चूकच, एमआरपीच्या वर गेलं, आणि सुट्ट्याच्या बदल्यात चॉकलेट घ्यायची तुमच्यावर जबरदस्ती नाही. आमच्या काउंटरवर पण बरणी होती, काचेची, पिवळ्या झाकणाची, आणि मालक रोज रात्री किती चॉकलेटं "गेली" ते मोजायचे. आता माझ्या घराखाली जे मेडिकल आहे तिथे मी गेल्या महिन्यात चार गोळ्या घेतल्या, त्याचा हात बरणीकडे गेलेला बघितला आणि फोन काढून बरोबर ८ रुपये २७ पैसे जीपे केले. स्पीकरवर रक्कम बोलली, दुकानातले सगळे वळून बघायला लागले, तो हसला, पण घेतले.